उपाशी नाही

हर्षदा खटावकरच्या हातचा चहा न्याबुले गावात इतका नावाजलेला होता, की काहीही दुखत नसलेली माणसंही दवाखान्याकडे वाकडी वाट करून यायची. आलं ठेचून, वेलची घालून, आणि साखर अशी की चमच्याला ढवळताना जड जावं. इस्लामपूरला तिच्या आईच्या घरात एक नियम होता, दारात आलेल्याला कोरडं पाठवायचं नाही. तो नियम हर्षदाने व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत, थेट टांझानियात आणून ठेवला होता. नऊ वर्षांत ती स्वाहिली बोलायला शिकली, मक्याची उगाली खायला शिकली, डासांशी जमवून घ्यायला शिकली. पण आलेल्या माणसाला चहाविना सोडायला काही ती शिकली नाही.

आता गंमत बघा, बाई मधुमेह तपासणी केंद्राची तंत्रज्ञ आणि पाजते काय, तर साखरेचा पाक! हे तिला रोज ऐकवायची ती मिन्झा.

मिन्झा केंद्राची आरोग्यसेविका. अडतीस वर्षांची, उंच आणि जिभेने तिखट. आठवडाभर सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर फिरायची आणि सोमवारी सकाळी पन्नास-साठ माणसं केंद्रासमोरच्या बाकांवर आणून बसवायची. हर्षदाला ती 'दादा' म्हणायची. तिकडे दादा म्हणजे थोरली बहीण. हे पहिल्यांदा फोनवर ऐकून हर्षदाची आई पोट धरून हसली होती. नवरा सोडून आलेल्या, मूल नसलेल्या हर्षदाला त्या गावात बहीण मिळाली ती अशी, आणि बहिणीबरोबर भाचीही. मिन्झाची पंधरा वर्षांची नीमा शाळा सुटली की केंद्रात येऊन अभ्यासाला बसायची आणि हर्षदाला मावशी म्हणायची.

माणसांनी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं आणि मग चहा प्यायचा, असा मूळचा शिरस्ता. पण दहा-दहा किलोमीटर चालून आलेली म्हातारी माणसं बाकावर घेरी येऊन पडायला लागली, तेव्हा हर्षदाचं मन द्रवलं. किटली आधीच फिरायला लागली. म्हाताऱ्यांना म्हणून सुरू झालेला चहा हळूहळू हात पुढे करील त्याला मिळू लागला.

"दादा, तू एका हाताने साखर पाजतेस आणि दुसऱ्या हाताने मोजतेस," मिन्झा म्हणायची.

"माझं यंत्र हुशार आहे. त्याला चहा कळतो," हर्षदा म्हणायची.

यंत्राचं नाव पारख. पुण्याच्या एका कंपनीने बनवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं. दोन हजार एकेचाळीस साली ते न्याबुलेला आलं, तेव्हा सगळ्या जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. कारण ते रक्ताच्या एका थेंबात दोन साखरी मोजायचं. एक आजची साखर. ही लहरी. काही खाल्लं-प्यायलं की चढते, उपाशी राहिलं की उतरते. दुसरी तीन महिन्यांची. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशे वीस दिवस जगतात, आणि तेवढे दिवस रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला थोडीथोडी चिकटत राहते. किती चिकटली हे पाहिलं, की गेल्या तीन महिन्यांचा हिशेब कळतो. माणूस एक दिवस उपाशी राहून डॉक्टरला फसवू शकतो, तीन महिने कुठला फसवणार?

दोन्ही साखरी जुळल्या, तर पारख दिवा लावायचं. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे साखर चढू लागली आहे, आजच औषध सुरू करा. रोग मुळं धरण्याआधीच पकडायचा, हेच पारखबरोबर आलेल्या तपासणी कार्यक्रमाचं ब्रीद होतं, आणि त्याच्या गोदामातली औषधं फक्त लाल दिव्याच्या माणसांना मिळत. साखरी जुळल्या नाहीत, तर मात्र पडद्यावर प्रश्न यायचा, माणूस उपाशी होता का? एक दाबलं तर उपाशी. मग त्याला सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात शिरेतून रक्त द्यायला जावं लागे, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. सात दाबलं तर उपाशी नाही. मग आजची साखर बाद, आणि दिवा तीन महिन्यांच्या साखरेवर लागायचा.

पारख शिकणारं यंत्र होतं. हर्षदा काय दाबते, हे ते लक्षात ठेवायचं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गर्दी जरा कमी होती, म्हणून हर्षदाने मिन्झालाच खुर्चीत बसवलं. "सगळ्या गावाला टोचतेस, आता स्वतःचं बोट दे."

पडद्यावर आजची साखर एकशे अडुसष्ट आली, तीन महिन्यांची साडेपाच. पहिली घाबरवणारी, दुसरी अगदी निरोगी माणसाची. प्रश्न आला.

"चहा ढोसलास ना?" हर्षदाने विचारलं.

"नाही घेतला."

"मिन्झा, मी स्वतः तुझ्या हातात कप दिला. तो बघ, बाकाखाली रिकामा पडलाय."

मिन्झाने कपाकडे पाहिलं. मग बाकावरच्या तीस माणसांकडे पाहिलं. "नाही घेतला, दादा," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, लाजतेस काय? माझ्या चहाला आजवर कुणी नाही म्हटलंय?" बाकावरची माणसं हसली. हर्षदाही हसली, आणि तिने सात दाबलं. हिरवा दिवा लागला.

मिन्झा त्या दिवशी फारशी बोलली नाही. हर्षदाला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून रुसली असेल. घरोघर जाऊन उपाशीपोटी या, खोटं बोलू नका असं बजावणारी बाई स्वतःच चहा पिऊन बसली, म्हणजे लाज वाटायचीच.

पाऊसकाळ गेला. मिन्झा वाळत चालली. सायकलच्या दांड्याला पाण्याची एक बाटली असायची, त्या दोन झाल्या, मग तीन. गावात कुजबूज झाली तशी ती स्वतःच जाऊन क्षयाची आणि एड्सची तपासणी करून आली. दोन्हींतून सुटली. एका दुपारी हर्षदाने तिला धरून पारखपुढे बसवलं. आजची साखर दोनशे एकतीस होती, पण मिन्झा तेव्हा जेवून आली होती. तीन महिन्यांची पुन्हा साडेपाच.

"तुझी साखर बघून मला हेवा वाटतो," हर्षदा म्हणाली. "तू काम कमी कर. दमतेस."

"यंत्र म्हणतं का तसं?"

"यंत्र म्हणतं, तुला काही झालेलं नाही."

"मग काही झालं नसेल," मिन्झा म्हणाली. यंत्रावर तिचा विश्वास होता, कारण यंत्रावर हर्षदाचा विश्वास होता.

ऑगस्टमध्ये मिन्झाच्या टायरच्या चपलेतून खिळा आरपार गेला आणि तिला तो दोन दिवस कळलाच नाही. नीमाने आईच्या पावलाखाली रक्त पाहिलं तेव्हा कळला. त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, नावं पुकारता पुकारता मिन्झा बाकांच्या मधोमध कोसळली.

जिल्हा रुग्णालयात शिरेतून रक्त काढलं. साखर पाचशेच्या वर होती. तिथली डॉक्टर तरुण होती, नीमाहून दहा-बारा वर्षांनीच मोठी असेल. तिने पारखचे कागद पाहिले आणि हर्षदाला विचारलं, "हिचं सिकलसेल कधी तपासलं होतं?"

हर्षदाने कागद परत हातात घेतले. मिरजेला शिकताना हे तिने वाचलं होतं, परीक्षेपुरतं. ज्या मुलखात हजारो वर्षं मलेरियाने माणसं मारली, तिथल्या माणसांच्या रक्ताने जगण्यासाठी आपल्यात काही बदल करून घेतले. कुणाच्या हिमोग्लोबिनची घडण बदलली, ते सिकलसेल. आईबापांपैकी एकाकडूनच आलं, तर माणूस जन्मभर धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. कुणात जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची कमतरता. अशा काहींच्या तांबड्या पेशी एकशे वीस दिवस जगतच नाहीत, लवकर मरतात. मग साखर चिकटायला वेळ कुठे मिळणार? रक्त साखरेने भरलेलं असतं, आणि तीन महिन्यांचा हिशेब सांगतो की सगळं छान आहे. सरोवराकाठच्या या पट्ट्यात पाच माणसांमागे एकात तरी यातलं काही ना काही सापडायचं. मिन्झात दोन्ही सापडलं.

पारखला हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचं सगळं शिक्षण पुण्यामुंबईच्या रक्तावर झालेलं. तरीही बिचारं यंत्र अडखळायचं, दोन साखरी जुळत नाहीत म्हणून विचारायचं. आणि हर्षदा त्याला सांगायची, चहा.

मिन्झाचं डावं पाऊल घोट्याच्या वर कापावं लागलं. नजर अंधूक झाली होती ती परत येणार नव्हती. रुग्णालयाने दहा दिवसांचं इन्शुलिन दिलं. "पुढचं तुमच्या गोदामातून घ्या," डॉक्टर म्हणाली, "मधुमेहाची सगळी औषधं आता तिकडेच असतात." तिकडे लाल दिव्याशिवाय काही मिळत नव्हतं.

न्याबुलेला परतल्यावर हर्षदाने पारखमधले सगळे सात काढले. अकराशे त्रेसष्ट भरले. तिने किटली काढून टेबलावर ठेवली आणि बघत बसली. किटलीत चाळीस कप मावत, आणि ती दर सोमवारी एकदाच भरली जाई. मार्चच्या एका सोमवारी तिने बावन्न वेळा सात दाबलं होतं. चाळीस कपांत बावन्न माणसं चहा कशी प्याली? हे साधं गणित किटली वर्षभर तिच्या डोळ्यांपुढे मांडत होती.

बाहेर बाकावर म्हातारा मसांजा बसला होता. सोमवार नसला तरी तो येऊन बसायचा. हर्षदाने त्याला विचारलं, फेब्रुवारीत मिन्झा इथे बसली होती, तेव्हा तिने चहा घेतला होता का?

"मिन्झा? ती कधीच घ्यायची नाही," मसांजा म्हणाला. "तिचा कप मीच प्यायचो. यजमानाने दिलेला कप चारचौघांत परत करायचा नसतो, पोरी. हातात घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. आमच्यात तसंच करतात. पुष्कळ जण तसंच करायचे. दर सोमवारी मला तीन-चार कप तरी मिळायचे."

हर्षदा आत गेली, दार लावून घेतलं आणि रडली. नऊ वर्षं या माणसांत राहिली, त्यांची भाषा बोलली, आणि त्यांच्यातली सर्वांत खरी बाई चारचौघांत खरं बोलली, तेव्हा तिने हसून तिला खोटं पाडलं होतं. तेही स्वतःच्या पाहुणचाराच्या तोऱ्यात. तिला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला फोन लावला. पडद्यावर विक्रांत बापट होता, पारखचा प्रमुख. पस्तिशीचा, हुशार आणि वाईट मुळीच नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही म्हणताय ते शास्त्र बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत आपण काहीतरी करू. आफ्रिकेसाठी एक वेगळी खूण ठेवू, सगळ्यांचा आकडा थोडा वर सरकवू."

"सगळ्यांचा? विक्रांत, हा प्रश्न कातडीचा नाही, पेशीचा आहे. पाचांतल्या चौघांच्या पेशी तुझ्यामाझ्यासारख्याच आहेत. त्यांना उगाच औषधं मिळतील, आणि ज्याच्या पेशी लवकर मरतात तो तरीही हिरवाच राहील. प्रत्येकाची पेशी तपासायला हवी."

"त्याला तीन वर्षं लागतील. आणि आज मी यंत्र सदोष आहे असं लिहून दिलं, तर काय होईल? कार्यक्रम थांबेल. गोदामाला सील लागेल. चौकशी सहा महिने तरी चालेल. लाल दिव्यावर जी बावीसशे माणसं आज औषध घेताहेत, त्यांचंही बंद होईल. तुमच्या मैत्रिणीचं तर सुरूच होणार नाही."

तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं.

"दुसरा एक रस्ता आहे," विक्रांत म्हणाला. "तुम्ही लिहून द्या की रुग्णांनी उपाशी राहण्याची सूचना पाळली नाही, म्हणून त्या नोंदी निकामी झाल्या. मग हा यंत्राचा दोष राहत नाही, वागणुकीचा होतो. तशा प्रकरणात मला माझ्या अधिकारात पाच नावं औषधाच्या यादीत घालता येतात. उद्या सकाळी."

"आणि बाकीचे अकराशे अठ्ठावन्न?"

"त्यांना हळूहळू पुन्हा बोलवू की, ताई."

हळूहळू म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. इन्शुलिनच्या दहा दिवसांतले तीन उरले होते. हर्षदाने डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला ते अकराशे अठ्ठावन्न चेहरे, आणि तिला दिसली फक्त मिन्झा, खाटेवर बसलेली, गोधडीखाली एकच पाऊल असलेली. माणसाचं मन असंच असतं. त्याला हजारांचं दुःख कळत नाही, एकाचं सोसवत नाही. तिने सही केली. पाच नावं दिली, पहिलं मिन्झाचं.

औषध खरंच दुसऱ्या दिवशी आलं. मिन्झा तगली. महिन्याभराने नीमा तिला हाताला धरून, कुबडीवर, केंद्रात घेऊन आली. मिन्झा नेहमीच्या बाकावर बसली. तिने चहा मागितला नाही आणि हर्षदाने विचारला नाही.

"दादा, मला आता दिसत नाही नीट," मिन्झा म्हणाली. "माझ्या नोंदीत काय लिहिलंय, ते वाचून दाखव. फेब्रुवारीतली."

हर्षदाने पडदा उघडला. तिथे सात होतं, आणि आता सातच्या खाली तिची सहीही होती. रुग्णाने सूचना पाळली नाही.

"उपाशी," तिने वाचलं. "रुग्णाने चहा घेतला नव्हता."

"दुरुस्त केलंस?"

"हो. केलं."

मिन्झाने मोठा श्वास सोडला. तिचा हात हवेत चाचपडला आणि हर्षदाच्या मनगटाशी येऊन थांबला. "पाय गेला त्याचं एवढं नाही वाटत मला," ती म्हणाली. "पण तू सगळ्यांसमोर हसली होतीस. तेवढं टोचत होतं."

हर्षदाच्या खांद्यामागे नीमा उभी होती. तिला वाचता येत होतं. हर्षदाने मान वळवली, तेव्हा पोरीची नजर पडद्यावर खिळलेली होती. मग ती हर्षदाकडे वळली. नीमाने आईला उठवलं, कुबडी हातात दिली आणि घेऊन गेली.

नोव्हेंबरमध्ये पारखची नवी आवृत्ती आली. ती आणखी अकरा देशांत जाणार होती. विक्रांतने फोनवर आनंदाने सांगितलं, "ताई, या पारखला तुमच्या केंद्राचं बाळकडू मिळालंय. सर्वांत जास्त नोंदी तुमच्याच होत्या. तुमचं काम पुष्कळ हलकं होईल बघा."

पुढच्या सोमवारी रांगेत नीमा होती. शाळेचा गणवेश, केस बारीक कापलेले, अगदी आईसारखी ताठ. बाकावर साठेक माणसं होती. हर्षदाने चहा महिन्यापूर्वी बंद केला होता. पण नीमाने घरून चहा आणला होता, थर्मासमध्ये, आल्यावेलचीचा. कधीतरी मावशीनेच तिला तो शिकवला होता.

ती खुर्चीपाशी आली. थर्मासच्या झाकणात चहा ओतला. सगळ्यांना दिसेल असा हात उंच धरला, आणि चहा जमिनीवर ओतून दिला. लाल मातीत तो क्षणात जिरला. मग रिकामं झाकण तिने टेबलावर पालथं घातलं आणि बोट पुढे केलं.

"मी काल संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मोजा, मॅडम."

तिने मावशी म्हटलं नाही. हर्षदाने थेंब घेतला. पडद्यावर आजची साखर आली, एकशे एकेचाळीस. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या पोरीची, उपाशीपोटी. तीन महिन्यांची, पाच पूर्णांक दोन. दोन साखरी जुळत नव्हत्या, आणि अजून वेळ गेलेली नव्हती. ज्याच्यासाठी हा सगळा कार्यक्रम मांडला होता, तो क्षण हाच होता.

हर्षदाने बोट एकच्या बटणाकडे नेलं, प्रश्न यायची वाट बघत.

प्रश्न आला नाही. नव्या पारखला विचारायची गरज उरली नव्हती. न्याबुलेत साखरी जुळल्या नाहीत की माणूस काय करून आलेला असतो, ते त्याला अकराशे त्रेसष्ट वेळा शिकवलेलं होतं. आजचा आकडा आपोआप पुसला गेला आणि हिरवा दिवा लागला. हर्षदाने एक दाबलं. पुन्हा दाबलं. सगळी बटणं दाबून पाहिली.

नीमा पुढे वाकली. पडद्यावर उमटलेली ओळ तिने वाचली, एकेक शब्द सुटा करून, बाकावरच्या साठ माणसांना ऐकू जाईल अशी.

"रुग्ण उपाशी नाही."